विश्लेषण : ‘कवट्या महाकाळ’ ते ‘ब्लॅक फोन’… मुखवट्यातला खलनायक मुलांना का घाबरवतो? आणि खरा धोका कुठे असतो?

एक अनोळखी माणूस, त्याच्या तोंडावर शिंगांचा मुखवटा, तळघरात कोंडलेला एक मुलगा आणि भिंतीवर तार तुटलेला काळा फोन. ‘द ब्लॅक फोन’ या हॉलिवूडच्या भयपटाची ही चौकट जगभर गाजली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही प्रदर्शित झाला. मुले आणि मुखवटेधारी खलनायक ही जोडी मराठी प्रेक्षकाला मात्र नवी नाही. आज चाळिशीत असलेल्या पिढीने लहानपणी ‘कवट्या महाकाळ’ आणि ‘तात्या विंचू’ यांच्या धास्तीने चाळीच्या अंधाऱ्या जिन्यावरून धूम ठोकली आहे. हीच पिढी आता पालक झाली असून, मुलांच्या हातातल्या मोबाइलवर असे चित्रपट आणि त्यांची दृश्ये सहज येऊन पडत आहेत. मुलांनी ते पाहावेत का, त्यांना नेमकी कशाची भीती वाटते आणि त्या भीतीतून ती काय शिकतात, याचा हा आढावा.

‘द ब्लॅक फोन’मध्ये आहे काय?

स्कॉट डेरिक्सन दिग्दर्शित हा चित्रपट जो हिल या लेखकाच्या कथेवर बेतला आहे. जो हिल हे भयकथांचे प्रसिद्ध लेखक स्टीफन किंग यांचे चिरंजीव. चित्रपटाची कथा १९७८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात घडते. वस्तीतील मुले एकामागून एक बेपत्ता होत आहेत. त्यांना पळवणारा ‘द ग्रॅबर’ या नावाने ओळखला जातो. एके दिवशी फिनी हा १३ वर्षांचा मुलगा त्याच्या तावडीत सापडतो. ज्या तळघरात त्याला डांबले जाते, तिथला फोन बंद आहे. तरीही तो वाजतो. पलीकडून बोलतात ती याआधी पळवली गेलेली मुले. प्रत्येक जण आपल्याला जमले नाही ते फिनीला सांगतो. कुणी जमीन खणण्याची जागा दाखवतो, कुणी कुलपाची युक्ती सांगतो, कुणी हात कसा उगारायचा ते शिकवतो. बाहेर त्याची धाकटी बहीण ग्वेन आपल्या स्वप्नांच्या आधारे त्याचा माग काढत असते.

ग्रॅबरची भूमिका ईथन हॉक या नामवंत अभिनेत्याने केली आहे. चित्रपटभर त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. मुखवट्याचे भाग मात्र बदलत राहतात. कधी त्याचे तोंड हसरे असते, कधी रडवे, तर कधी तोंडच नसते. मूळ कथेतला खलनायक फावल्या वेळेत विदूषकाचे काम करणारा होता. चित्रपटात तो जादूगार झाला. अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ श्रेणी मिळाली. म्हणजे १७ वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय चित्रपटगृहात प्रवेश नाही. थोडक्यात, चित्रपट मुलांविषयीचा असला तरी मुलांसाठीचा नाही.

मराठीतला मुखवटेधारी खलनायक कोणता?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मराठी घरांत एकच येईल : कवट्या महाकाळ. महेश कोठारे यांच्या १९९० मधील ‘धडाकेबाज’ या चित्रपटातला हा खलनायक. काळा पोशाख आणि चेहऱ्याच्या जागी कवटी. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी यात दोन भूमिका केल्या. एक लक्ष्याची आणि दुसरी बाटलीत राहणाऱ्या गंगारामची. एकीकडे बाटलीतल्या माणसाची गंमत आणि दुसरीकडे कवटीच्या तोंडाचा दरोडेखोर, असे हे मिश्रण होते. त्यामुळे मुले घाबरायची आणि पुढच्याच मिनिटाला हसायची.

कोठारे स्वतः बालकलाकार म्हणून चित्रपटसृष्टीत आले. ‘छोटा जवान’ आणि ‘राजा और रंक’ या साठच्या दशकातील चित्रपटांत त्यांनी कामे केली होती. पुढे दिग्दर्शक झाल्यावर लहान मुलांना काय आवडते याकडे त्यांचे कायम लक्ष राहिले. खलनायकाला लक्षात राहील असे विचित्र नाव द्यायचे, त्याचे रूप एका नजरेत ओळखू येईल असे ठेवायचे आणि शेवटी त्याची फजिती करायची, ही त्यांची पद्धत. शाळेच्या मधल्या सुट्टीत कवट्या महाकाळची नक्कल व्हायची ती त्यामुळेच. आज तोच कवट्या महाकाळ मोबाइलवर विनोदी मीम म्हणून फिरतो. पस्तीस वर्षांत भीतीचे पूर्णपणे हसू झाले आहे.

‘तात्या विंचू’ मूळ चित्रपटापेक्षा वेगळा कसा?

कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. मुंबईसाठी ते वर्ष खऱ्याखुऱ्या दहशतीचे होते. त्या वर्षी १२ मार्चला शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्यांतला एक दादरच्या ‘प्लाझा’ चित्रपटगृहात झाला. ज्या प्लाझात मुंबईच्या मराठी कुटुंबांच्या पिढ्यांनी चित्रपट पाहिले, तिथेच माणसे मेली. त्याच वर्षी मराठी मुले एका बाहुल्याला घाबरू लागली.

‘झपाटलेला’ची कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटाशी जुळते, हे जगजाहीर आहे. दोन्हींमध्ये पोलिसांच्या गोळीने मरणारा गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि मग माणसाचे शरीर मिळवण्याच्या मागे लागतो. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. हॉलिवूडमधल्या ‘चकी’ला जे शरीर हवे असते, ते सहा वर्षांच्या अँडी या मुलाचे. तात्या विंचूला मात्र हवा असतो लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. वयाने वाढलेला, पण आईच्या धाकात असलेला, भोळा आणि स्वभावाने लहान मूलच.

या एका बदलाने चित्रपटाचा प्रेक्षकच बदलला. बाहुला एखाद्या लहान मुलाच्या जिवावर उठला असता, तर पडद्यासमोरच्या मुलाला ते आपल्यावरचेच संकट वाटले असते. संकट लक्ष्यावर आल्यामुळे मुले सुरक्षित अंतरावर राहिली. त्यांना भीतीही अनुभवता आली आणि लक्ष्याच्या फजितीवर हसताही आले. शिवाय भुवयांच्या मधोमध गोळी लागली की तात्या विंचू संपतो, हा नियम चित्रपटाने सांगून टाकला होता. राक्षसाला मारायची युक्ती ठाऊक असली की मुलांची भीती अर्धी होते.

तात्या विंचूचा बाहुला तयार केला आणि हलवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. याच पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावाने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना हसवले. कला एकच, हातही तेच. एका बाहुल्याने हसवले आणि दुसऱ्याने झोप उडवली.

गिरगाव, दादर, परळशी या भीतीचे नाते काय?

मुलांना ठरवून घाबरवायचे आणि मग हसवून घरी पाठवायचे, ही युक्ती मराठी चित्रपटांच्या आधी मराठी रंगभूमीला साधली होती. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगमंचावर आणले. पुढे मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणारा हाच लेखक मुलांसाठी राक्षस आणि चेटकिणी रंगवत होता.

त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण सगळ्यांत गाजली. ही भूमिका सुरुवातीच्या काळात दिलीप प्रभावळकर यांनी केली होती. ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही तेच. म्हणजे मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना घाबरवणारा माणूस एकच, आणि तोच दूरदर्शनवर ‘चिमणराव’ म्हणून घराघरांत लाडका होता. २०१८ मध्ये हे नाटक नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा वैभव मांगले यांनी चेटकीण साकारली आणि नव्या मुलांनीही नाट्यगृहे भरली.

दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा इतरत्र अशा नाटकाला बसलेली मुले गप्प राहत नाहीत. चेटकीण मागून आली की ‘मागे बघ, मागे बघ’ असा गिल्ला होतो. नाटकातल्या नायकाला वाचवायला सगळे प्रेक्षागृह धावते. ‘द ब्लॅक फोन’मध्ये पळवलेली मुले फिनीला फोनवर जे सांगतात, ते याहून वेगळे नाही. संकटातल्या एका मुलाला इतर मुले आवाज देतात.

परळ-लालबागची गोष्ट आणखी जुनी आहे. गिरणगावात कामासाठी आलेली कोकणी कुटुंबे आपल्यासोबत शिमगाही घेऊन आली. कोकणातल्या नमन-खेळ्यांत ‘संकासुर’ असतो. काळा पेहराव, उंच टोकदार काळा मुखवटा, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरे. गावात तो आला की लहान मुले आईच्या पदराआड दडतात. जरा मोठी मुले त्याला डिवचतात, तो मागे लागला की किंचाळत पळतात आणि पुन्हा डिवचायला येतात. दशावतारातला संकासुर तर थेट विनोदी पात्र होऊन बसला आहे. परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षे नमनाचे प्रयोग रंगले, तेव्हा गिरणगावातल्या मुलांनी हा मुखवटा मुंबईतच पाहिला. वयानुसार भीतीचे खेळात रूपांतर कसे होते, याचा हा जिवंत धडाच होता.

लहान मुले मुखवट्यालाच का घाबरतात?

याचा अभ्यास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापिका जोअॅन कँटर यांनी अनेक वर्षे केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. साधारण सात वर्षांपर्यंतची मुले दिसण्याला घाबरतात. त्यापुढची मुले घडण्याला घाबरतात.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात मुलांना एका म्हातारीची चित्रफीत दाखवण्यात आली. काही मुलांनी पाहिलेली म्हातारी प्रेमळ आजीसारखी दिसत होती, तर काहींनी पाहिलेली चेटकिणीसारखी. त्यातही कधी ती मांजराशी मायेने वागत होती, तर कधी दुष्टपणे. म्हणजे रूप आणि वागणे यांच्या चारही जोड्या तयार झाल्या. अगदी लहान मुलांनी म्हातारीचा स्वभाव तिच्या रूपावरून ठरवला. कुरूप पण प्रेमळ म्हातारी त्यांना वाईट वाटली आणि सुंदर पण दुष्ट म्हातारी चांगली. मुले मोठी होत गेली तसे रूपाचे वजन कमी झाले आणि वागण्याचे वाढले.

‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेबाबतही असेच दिसले. संकटातल्या लोकांना वाचवणारा हिरवा राक्षस हा खरे तर नायक. पण लहान मुले घाबरली ती साधा माणूस त्या राक्षसात बदलताना पाहून. तो चांगला आहे, हे समजावून सांगितल्याने त्यांची भीती फारशी गेली नाही.

मुखवट्याची भीती आणखी एका कारणाने तीव्र होते. तान्हे बाळही माणसाचा चेहरा वाचूनच समोरचा रागावला आहे की हसतो आहे, हे ओळखते. मुखवटा ती वाटच बंद करतो. डोळे जिवंत आणि चेहरा मेलेला, अशी विसंगती समोर येते. जपानचे यंत्रमानव-तज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक कल्पना मांडली होती. जवळजवळ माणसासारखी, पण पुरती माणूस नसलेली वस्तू आपल्याला अस्वस्थ करते, असे त्यांचे म्हणणे. तात्या विंचूचा बाहुला आणि ग्रॅबरचा मुखवटा दोन्ही नेमके याच जागी बोट ठेवतात.

प्रत्यक्षात धोका मुखवटा घालून येतो का?

नाही, आणि हाच या विषयातला कळीचा मुद्दा आहे. महाराष्ट्राने पाहिलेले मुलांच्या अपहरणाचे सर्वांत भीषण प्रकरण म्हणजे गावित मायलेकींचे. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात राज्याच्या वेगवेगळ्या शहरांतून लहान मुले पळवल्याचे आणि त्यांतील अनेकांना ठार मारल्याचे तपासात पुढे आले. गर्दीत पाकीटमारी करताना पकडले गेल्यास कडेवरचे मूल लोकांची दया मिळवण्यासाठी उपयोगी पडते, यासाठी ही मुले पळवली जात होती. अंजनाबाईचा खटला सुरू होण्याआधीच मृत्यू झाला. दोन्ही बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावर निर्णय घेण्यात सरकारकडून झालेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

या प्रकरणात ना शिंगे होती, ना कवटी. कडेवर मूल घेतलेली बाई पाहून कुणालाही संशय येत नाही. गुन्हेगारांनी या विश्वासाचाच वापर केला.

लैंगिक अत्याचारांबाबत तर चित्र आणखी स्पष्ट आहे. ‘पॉक्सो’ हा मुलांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ पासून लागू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार या कायद्याखालील गंभीर अत्याचारांच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. तो नातेवाईक, शेजारी किंवा रोजच्या परिचयातला माणूस असतो. मुलाला त्याचे नाव माहीत असते आणि अनेकदा त्याच्याकडून खाऊही मिळालेला असतो.

आता कँटर यांचा प्रयोग यासोबत ठेवून पाहावा. लहान मूल रूपावरून माणूस ठरवते. ‘झोळीवाला येईल’, ‘बागुलबुवा नेईल’ असे सांगून मोठी माणसे त्याची हीच सवय पक्की करतात. वाईट माणूस भयंकर दिसतो, असे मूल शिकते. मग छान दिसणारा, ओळखीचा माणूस वाईट वागला, तर चूक आपलीच असेल असे त्याला वाटते. ते बोलत नाही. मुखवट्याच्या भीतीचे हे खरे नुकसान.

‘द ब्लॅक फोन’चा ग्रॅबरही मुखवटा घालतो तो मूल ताब्यात आल्यावर. रस्त्यावर मुलांना गाठतो तेव्हा तो जादूगार असतो. हातातल्या वस्तू सांडल्याचे नाटक करतो आणि मदत मागतो. चित्रपटातला हा तपशील त्याच्या मुखवट्यापेक्षा जास्त खरा आहे.

चुकीच्या भीतीची किंमत कुणी मोजली?

रूपावरून माणूस ठरवण्याची सवय मुलांपुरती राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते आणि भिक्षा मागत गावोगावी फिरत होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनाही याच संशयावरून मारहाण झाली.

दोन्ही ठिकाणी लोकांनी वागणे पाहिले नाही, वेष पाहिला. झोळी आणि परकी भाषा एवढा पुरावा पुरेसा ठरला. बागुलबुवाची गोष्ट मोठ्या माणसांच्या हातात पडली की काय होते, त्याचे हे उदाहरण. चाळीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपल्या भागात मुले पळवणारी टोळी’ असा संदेश आला, तर तो पुढे ढकलण्याआधी पोलिसांकडे खातरजमा करणे म्हणूनच गरजेचे आहे.

मुलांनी भयपट पाहण्याबाबत नियम काय सांगतात?

सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर ‘यूए’ या एकाच श्रेणीचे तीन भाग करण्यात आले : ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’. या वयाखालील मुलांनी चित्रपट पाहावा का, हे ठरवण्याची जबाबदारी पालकांवर आहे. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर १८ वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहात प्रवेश नाही. पालक सोबत असले तरीही नाही.

ओटीटीसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशाच वयोश्रेणी आहेत. ‘१३+’ आणि त्यावरील आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. हे कुलूप सेटिंगमध्ये जाऊन पालकांनाच लावावे लागते. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल तयार करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन ठेवणे हा सोपा उपाय.

मात्र छोट्या व्हिडीओंवर हे नियम तोकडे पडतात. पूर्ण चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र असले तरी त्यातले सर्वांत भीतीदायक तीस सेकंद रील म्हणून कुणाच्याही समोर येतात. चित्रपटगृहात राक्षस येतो तसाच हरतोही. रीलमध्ये तो फक्त येतो. शेवट न पाहिलेली भीती मुलांच्या मनात जास्त काळ राहते.

घाबरलेल्या मुलाशी पालकांनी कसे वागावे?

पहिली गोष्ट म्हणजे हसू नये. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ असे म्हटले की मूल भीती सांगणे बंद करते, भीती मात्र तशीच राहते.

सात वर्षांखालील मुलांना ‘हे खरे नसते’ एवढे सांगून उपयोग होत नाही. त्यांना जवळ घेणे, पडदा बंद करणे, दिवा लावून ठेवणे, आवडीच्या गोष्टीत रमवणे यांचा जास्त फायदा होतो. मुखवटा दिवसाउजेडी हातात देणे, रंगभूषा करताना दाखवणे, बाहुल्याच्या आत हात घालून तो हलवायला देणे हेही उपयोगी पडते. चेटकिणीच्या आत एक काका आहेत, हे प्रयोगानंतर पाहिलेले मूल सहसा दुसऱ्या दिवशी स्वतःच चेटकीण बनून घरच्यांना घाबरवते.

आठ-नऊ वर्षांपुढील मुलांना प्रश्न वेगळे पडतात. ‘असे खरेच होऊ शकते का?’ हा त्यांचा प्रश्न. त्यांना खोटा दिलासा देण्यापेक्षा काय करायचे ते सांगावे. कुणीही, अगदी घरातल्या माणसानेही, ‘हे आईला सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते आधी आईला सांगायचे. नको वाटणाऱ्या स्पर्शाला मोठ्याने ‘नाही’ म्हणायचे. मदत मागणारा मोठा माणूस असेल, तर त्याला मोठ्या माणसाकडे पाठवायचे. थोडक्यात, माणूस कसा दिसतो यावर नव्हे, तो काय करायला सांगतो यावर लक्ष ठेवायला मुलांना शिकवावे.

लालबागच्या राजाच्या रांगेत किंवा अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर दर वर्षी मुले गर्दीत चुकतात आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांची नावे पुकारली जातात. मुलाला स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता आणि पालकांचा एक मोबाइल क्रमांक पाठ असणे, किंवा तो चिठ्ठीवर खिशात असणे, ही साधी तयारी तेव्हा कामी येते. मूल खरोखर बेपत्ता झाले तर ‘२४ तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिलेल्या निर्देशांनुसार बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर पोलिसांनी अपहरण गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवायचा आहे.

मग मुलांसाठी खराखुरा फोन कोणता?

‘द ब्लॅक फोन’मधला बंद फोन ही कल्पना आहे. मुंबईत मात्र मुलांसाठी एक चालू फोन जून १९९६ मध्ये सुरू झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांनी ‘चाइल्डलाइन’ची सुरुवात केली. रस्त्यावर राहणारी मुले अडचणीत सापडली की रात्री-अपरात्री त्यांना फोन करायची. त्यातूनच २४ तास चालणाऱ्या हेल्पलाइनची कल्पना आली. क्रमांक ठरला १०९८. दहा-नऊ-आठ अशी उलटी मोजणी, अक्षरओळख नसलेल्या मुलालाही लक्षात राहील अशी. पुढे ही सेवा देशभर पोहोचली. चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनचा कारभार अनेक वर्षे गिरगावला लागून असलेल्या नाना चौकातील पालिकेच्या शाळेच्या इमारतीतून चालला. २०२३ मध्ये ही सेवा सरकारने ‘मिशन वात्सल्य’खाली आपल्याकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. १०९८ हा क्रमांक तोच राहिला आहे. तो नि:शुल्क आहे आणि मूल स्वतः किंवा त्याच्यासाठी कुणीही त्यावर फोन करू शकते.

पळवली गेलेली मुले फिनीला फोनवरून जे देतात, ती जादू नसते. आपल्यावर काय गुदरले हे ती दुसऱ्या मुलाला सांगतात आणि तो ते ऐकतो. खऱ्या आयुष्यात मुलाने बोलायला हवे आणि मोठ्याने ऐकायला हवे, एवढीच अट आहे. पुढच्या वेळी घरात कवट्या महाकाळचा विषय निघाला, मुले खिदळू लागली, तर त्याच गप्पांत आणखी एक प्रश्न विचारता येईल : ‘कुणी न घाबरवताही तुला नकोसे वाटले, असे कधी झाले का?’ आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवता येईल.